शेवटून सुरू होणारी रांग

“माही काठी तिसरी हाय, बाई. मी इथीच बसतो.”

“ताप काठीले आला का तुले?”

“मले.”

“मंग काठी का सांगन डॉक्टरले? ऊठ. सावलीतच बस, पण मले दिसशीन असा बस.”

दवाखान्यातला माझा तो पहिला दिवस. मी टेबलावर दौत आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा मांडत होते आणि मान खाली घालून ऐकत होते. मान वर केली तेव्हा एक म्हातारा चिंचेच्या पलीकडून उठून अलीकडे येऊन बसत होता. त्याच्यावर ओरडणारी बाई तोवर पुढच्या माणसाकडे गेलेली होती.

गावाचं नाव सांगत नाही. चांदा या जिल्ह्याच्या ठिकाणापासून दिवसभराच्या मोटारीवर, वैनगंगेच्या अलीकडे, जंगलाला टेकलेलं तालुक्याचं गाव ते. तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. वडील जंगल खात्यात होते. माझं शिक्षण नागपूरला, मिशनच्या इंग्रजी शाळेत झालेलं, आणि मराठी घरात बोलायचे तेवढीच. दवाखान्याचं रजिस्टर इंग्रजीत ठेवावं लागे, डॉक्टरांना लिहिणारं कोणी मिळत नव्हतं आणि मी घरात बसून होते. एवढ्यावर माझी नेमणूक झाली. लिहायचं काम होतं म्हणून मी हो म्हटलं. बोलायचं असतं तर म्हटलं नसतं.

व्हरांड्यात रांग असायची, पण ती माणसांची नव्हे. दूरदूरच्या खेड्यांतून पहाटे निघालेली, कोणी आदल्या दिवशीच निघालेली माणसं फाटकातून आत येत, आपली एखादी वस्तू व्हरांड्यात रांगेला लावत आणि चिंचेखाली जाऊन बसत. काठी, वाळक्या भोपळ्याचा पाण्याचा तुंबा, गाठोडं, एकच वहाण, दगडाखाली दाबलेला पळसाच्या पानांचा पुडा. एक आत गेला की जवळचा कोणी तरी मागच्या सगळ्या वस्तू एकेक वीत पुढे सरकवायचा. हातानं. दुसऱ्याच्या वस्तूला पाय लावायचा नाही. त्या रांगेत कोणी कोणाच्या पुढे घुसल्याचं मी कधी पाहिलं नाही. नागपूरच्या सिनेमाच्या तिकिटाच्या खिडकीशी मी जे पाहिलं होतं त्याच्यापुढे मला हे फार चांगलं वाटलं होतं. घरी जाऊन मी वडिलांना कौतुकानं सांगितलंही.

बाईंना मात्र ती रांग मुळीच आवडत नसे. “वस्तू सरकतेत,” त्या म्हणायच्या. “मानसं कुठी सरकतेत?”

त्या आमच्या दवाखान्यातल्या एकमेव नर्स. साठीच्या जवळ आलेल्या. अंगानं काटक, पांढरं पातळ आखूड नेसलेलं, पायात मुलांचे कॅनव्हासचे बूट, त्यांना नाड्या नाहीत. पदराला चार-पाच सेफ्टी पिना एकीत एक अडकवलेल्या. बोलणं झाडीपट्टीतलं आणि आवाज असा की चिंचेवरचे कावळे उडायचे. गोड बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. तापानं फणफणलेल्या बाईला त्या म्हणायच्या, “चार दिवस का करून राह्यली होतीस घरी? पूजा?” आणि हे म्हणत असताना तिच्या मानेखाली तिचंच गाठोडं नीट सरकवून देत असायच्या.

कंपाउंडर त्यांची फार थट्टा करायचा. “सरकारनं बाईले व्हरांडा आंदण देला,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. बाई म्हणायच्या, “हो देला. तुले औषधाची खोली देली, तिथी उंदीर झाले. माह्या व्हरांड्यात झाले का?”

त्यांचं काम खरं म्हणजे आत होतं. ड्रेसिंग, सुया उकळणं, डॉक्टरांच्या हाताशी उभं राहणं. पण दर थोड्या वेळानं त्या बाहेर यायच्या आणि फेरी घालायच्या. फेरी नेहमी शेवटून. जो सगळ्यांत उशिरा आला, जो सगळ्यांत लांब बसला, त्याच्यापासून सुरुवात करून दाराशी यायच्या. मी एकदा धीर करून विचारलं, असं उलटं का? त्या म्हणाल्या, “पुढच्याले डॉक्टर पाह्यतेच आता. मागच्याले कोन पाह्यते?”

फेरीत त्या प्रत्येकाच्या तळपायाला हाताची मागची बाजू लावायच्या. बस, एवढंच. पाय गार आहेत का, कोरडे आहेत का, बोटं निळी पडली आहेत का. यावरून फार गोंधळ व्हायचा. म्हातारी माणसं एकदम उठून बसायची, हात जोडायची, पाय पोटाशी घ्यायची. दवाखान्यातली मोठी बाई पायाला हात लावते म्हणजे काय! “अरे बाप्पा, पाया नाई पडून राह्यली तुह्या,” बाई ओरडायच्या. “काढ पाय भाईर!” मग आजूबाजूचे सगळे हसायचे आणि तोही लाजत पाय पुढे करायचा. एकदा एका तरुण गोंड बाईनं त्यांना थांबवून, स्वतः वाकून त्यांच्या कॅनव्हासच्या बुटाला हात लावला, परतफेड म्हणून. बाई म्हणाल्या, “झाली बरोबरी? आता पाय दे.”

त्या कधी बसत नसत. दुपारी डबा उघडला तरी खांबाला टेकून उभ्यानंच भात खायच्या. मला वाटायचं ही काही शिस्त असेल मिशनमध्ये शिकलेली. एकदा पावसाळी दुपारी मी त्यांना माझी खुर्ची देऊ केली तर म्हणाल्या, “नाई. मी बसली का त्याह्यले वाटते, आता काम बंद झालं, उद्या या. उठून चालले जातेत.”

आठवड्यातून एक दिवस त्यांना सुट्टी असायची. महिन्यातल्या एखाद्या सुट्टीला त्या डोक्यावरून लुगड्याचा पदर घेऊन यायच्या, आपली मोडकी छत्री रांगेच्या शेवटी ठेवायच्या आणि चिंचेखाली जाऊन बसायच्या. तेवढंच त्यांचं बसणं. पहिल्यांदा मी ओळखलंच नाही. छत्री सरकत सरकत दाराशी आली, बाई आत गेल्या, आणि डॉक्टरांचा आवाज आला, “तुम्ही? तुम्हाला काय होतंय?”

“मले काई नाई होऊन राह्यलं. पान्याचा मटका उन्हात हाय, ते सांगाले आली. तीन तास बसली, तीनदा उठून गेली, तीनदा गरम पानी पेली.”

“हे तुम्ही मला काल सांगू शकला असता.”

“काल मले का मालूम? काल मी उभी होती.”

मटका दुसऱ्या दिवशी सावलीत आला.

डॉक्टर वाईट नव्हते, हे मला लिहिलं पाहिजे. पुण्याकडचे, तिशीतले, एकटे. सकाळी आठला बसायचे आणि त्यांचं दुपारचं जेवण चार वाजता व्हायचं. दिवस संपता संपता त्यांचा चेहरा असा व्हायचा की चिठ्ठी पुढे करायला मला लाज वाटायची. त्यांचा एक नियम होता, की नाव-गाव लिहून चिठ्ठी झाल्याशिवाय माणसाला हात लावायचा नाही, काही द्यायचं नाही. या नियमामागे कारणही होतं आणि ते कारण बाईच स्वतःहून सांगायच्या. काही वर्षांपूर्वी त्यांनी बाहेर बसलेल्या एका उपाशी माणसाला तांदळाची पेज पाजली होती. त्याला पोटाचं ऑपरेशन लागलं. भरल्या पोटी गुंगी देताना त्याला उलटी झाली, ती छातीत गेली आणि तो मरता मरता वाचला. “माह्या हातानं पाजली,” त्या म्हणायच्या. “दया आली, अन् पाजली. तवापासून दया गिया बंद.” तेव्हापासून ज्याचं पोट दुखतं त्याच्या मनगटाला त्या पट्टीची चिंधी बांधायच्या आणि सगळ्या चिंचेखाली जाहीर करायच्या, की याला कोणी पाणीसुद्धा देईल तर माझ्याशी गाठ आहे. बाकीच्यांची पेज मात्र बंद झाली नाही.

“चिठ्ठी होईपर्यंत तो आपला पेशंट नाही, बाई,” डॉक्टर एकदा फार थकून म्हणाले. “फाटकातून आत आलेला प्रत्येक माणूस माझ्या नावावर मांडायला लागलात तर मी उद्या राजीनामा देतो. मी एक माणूस आहे.”

“तुमच्या नावावर नोका मांडू. माह्या नावावर मांडा.”

“असं कुठे मांडता येतं?”

“व्हरांडा माहा हाय, झाडबी माहं हाय. तुमच्यापाशी आला का तुमचा.”

डॉक्टरांनी हात जोडले आणि पुढची चिठ्ठी मागितली. हे बोलणं कंपाउंडरनं ऐकलं, आयानं ऐकलं, मी ऐकलं. हसण्यावारी गेलं.

मला त्या ‘विंग्रजी’ म्हणायच्या. “ए विंग्रजी, लिव्ह.” माझं काम म्हणजे रांगेतली पहिली वस्तू कोणाची ते विचारायचं, तो माणूस आला की नाव, गाव, काय दुखतं ते लिहून चिठ्ठी आत पाठवायची. विचारायचं म्हणजे खरं तर ओरडायचं होतं, कारण माणसं झाडाखाली. ते मला जमत नव्हतं. लहानपणापासून जमलेलं नाही. शाळेत नन्स म्हणायच्या की मुलीचा आवाज कसा हळू, सभ्य आहे. पहिले काही दिवस बाई आतून ऐकायच्या, माझं “ही काठी कोणाची?” अर्धवट होतं ना होतं तोच आतूनच आरोळी ठोकायच्या, “काठीवाला!” आणि माणूस धावत यायचा. पुढे पुढे ती आमची रीतच झाली. मी पुटपुटायचे, त्या ओरडायच्या. मी शिकले नाही, कारण शिकायची गरज पडली नाही.

मोहाचे दिवस होते. त्या दिवसांत माणसं अंधार असतानाच मोहफुलं वेचायला जंगलात जातात, आणि अस्वलंही त्याच फुलांसाठी येतात. सकाळी दहाच्या सुमारास एका माणसाला बैलगाडीतून आणलं. अस्वलानं त्याचा चेहरा आणि डोक्याची कातडी ओरबाडून काढली होती. त्याच्या तोंडावर टाकलेलं धोतर लाल झालं होतं आणि खालून तो अगदी शांतपणे कोणाला तरी सांगत होता की टोपली तिथेच राहिली. डॉक्टर, बाई, कंपाउंडर तिघंही आत गेले. दार लागलं. व्हरांडा माझ्याकडे राहिला.

त्या दिवशी रांग फाटकापर्यंत होती. डॉक्टर आत असले तरी चिठ्ठ्या करून ठेवायच्या अशी पद्धत होती, म्हणून मी एकेकाला बोलावून लिहीत होते. काही वेळानं पहिल्या जागेवर एक तुंबा आला. जुना, तळाशी सुतळीनं विणलेला. मी म्हटलं, “तुंबा कोणाचा?” कोणी आलं नाही. पुन्हा म्हटलं. जवळच्या दोन बायका इकडेतिकडे बघू लागल्या. आतून हाक येणार नव्हती. झाडापर्यंत वीसेक पावलं होती. मला उठून जायचं होतं, पण झाडाखालची सगळी माणसं दाराकडेच बघत बसलेली होती, आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून चालत जाऊन पुन्हा तेच विचारायचं. मी तुंबा उचलला, माझ्या मागच्या खिडकीत ठेवला आणि पुढचं गाठोडं घेतलं. गाठोड्याची मालकीण शेजारीच उभी होती.

दीडेक तासानं बाई बाहेर आल्या. बाह्या कोपरापर्यंत रक्तानं भरलेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सवयीनं फाटकाकडे गेल्या आणि शेवटून सुरुवात केली. चिंचेच्या बुंध्यापाशी एक बाई घोंगडीवर निजली होती. बाळंतीण. आठ दिवसांचं मूल तिच्या सासूच्या मांडीवर, आणि नवरा उकिडवा बसून दवाखान्याकडे एकटक बघतोय. बाईंनी तिच्या तळपायाला हात लावला. मग हात उलटा करून पुन्हा लावला. मग घोंगडी वर केली.

त्या वेळी त्यांच्या तोंडून जी हाक निघाली ती डॉक्टरांच्या नावाची होती, नुसती नावाची, साहेब वगैरे काही नाही. दोघांनी घोंगडीसकट उचलून तिला आत नेलं. चिठ्ठी नव्हती. डॉक्टरांनी विचारली नाही. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबलाच नव्हता. दुपारचे तीन वाजायच्या आत ती गेली.

तिचा नवरा गोंड होता, मराठी शब्द शोधून शोधून बोलत होता. त्याला मी बाईंशी बोलताना ऐकलं. “तुंबा पुढं पुढं गेला. पाहिलं म्या. मंग त्या बाईनं उचलून आत खिडकीत ठेवला. म्हटलं, आपला नंबर लागला. आता बोलावतीन.” तो तक्रार करत नव्हता. आपलं काय चुकलं ते विचारत होता. सगळ्या रांगेत फक्त त्याचाच तुंबा आत घेतला गेला होता, त्याला तो मान वाटला. म्हणून तो हलला नाही आणि आईलाही त्यानं हलू दिलं नाही, न जाणो बोलावतील आणि आपण जागेवर नसू.

बाई त्याला म्हणाल्या, “तुहं काई चुकलं नाई, भाऊ.” मग खिडकीतून तुंबा काढून, त्यात मटक्यातलं पाणी भरून त्याच्या हातात दिला. संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. बूट काढून ठेवले. मी रजिस्टर बंद करून जवळ गेले. मला काही बोलायचं होतं आणि कोणत्या भाषेत बोलायचं तेही कळत नव्हतं.

“मले मालूम हाय,” त्या म्हणाल्या. “काई बोलू नोको. कोनाजवळ बोलू नोको. तू नवी हायस, तुह्यामागं अख्खा जलम हाय. माही दोन वर्सं राह्यली. मले का करतीन?”

“पण बाई—”

“थकली मी आता. जा घरी.”

मी घरी गेले. मला त्याचं बरं वाटलं, खोटं सांगणार नाही. पुढचे पंधरा दिवस मी तोंड बंद ठेवलं आणि ते मी बाईंचं ऐकून करते आहे असं स्वतःला सांगत राहिले.

पंधरा दिवसांनी चांद्याहून आरोग्य खात्याचे साहेब आले. दवाखान्यात बाळंतीण मेली, चिठ्ठी नव्हती, चिठ्ठी नसताना टेबलावर घेतली, असं कोणीतरी वर कळवलं होतं. चौकशी डॉक्टरांच्या खोलीत झाली. साहेब, डॉक्टर, बाई, आणि लिहायला मी. जबाब इंग्रजीत हवे होते. बाई झाडीबोलीत बोलणार आणि मी ते इंग्रजीत उतरवणार, असं ठरलं.

साहेब आवाज चढवत नव्हते. त्यांनाही परतीची मोटार गाठायची होती.

“त्या दिवशी बाहेर बसलेल्या पेशंट लोकांकडे बघण्याची जबाबदारी कोणाची होती?”

डॉक्टर म्हणाले, “तशी कोणाचीच नाही. चिठ्ठीच्या आधी नियमानं—”

“माही,” बाई म्हणाल्या.

“तुमची कशी? तसा हुकूम आहे?”

“हुकूम नाई. व्हरांडा माहा हाय.”

“म्हणजे तुम्ही मान्य करता की तुमच्याकडून दुर्लक्ष झालं?”

“मी आत होती. अस्वलानं फाडलेला मानूस होता.”

“तरी जबाबदारी तुमची?”

“माहीच.”

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर टेबलाकडे बघत होते. साहेब म्हणाले, मग सोपं आहे. बाईंना व्हरांड्यावरून काढायचं, उरलेली दोन वर्षं चांद्याला कपड्यांच्या कोठीत काढू द्यायची, पेन्शनला धक्का नको. आणि यापुढे चिठ्ठी झाल्याखेरीज आवारातल्या कोणाला नर्सनं हात लावायचा नाही, असा लेखी हुकूम दारावर लावायचा. त्यांना वाटलं की ते उदारपणे वागताहेत. बाईंनी यावर एवढंच विचारलं, “मंग झाडाखाली कोन जाईन?”

मग साहेब मला मजकूर सांगू लागले. मी लिहीत गेले. माझं अक्षर चांगलं आहे. “संबंधित स्त्रीच्या नातेवाइकांना नियमाप्रमाणे पाळी आल्यावर हाक मारण्यात आली. ते हजर झाले नाहीत. व्हरांड्याची जबाबदारी नर्सनं आपल्याकडे घेतली होती आणि ती तिनं पार पाडली नाही.”

“हजर झाले नाहीत, लिहिलं?” साहेबांनी विचारलं.

लिहिलं नव्हतं. हाक मारण्यात आली, इथपर्यंत लिहिलं होतं. टाक कागदावर टेकून होता आणि शाई पसरत होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, एकदाच, नाही म्हणून. मी टाक दौतीत ठेवला आणि उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती, पण बसून माझा आवाज निघाला नसता.

“हाक मी मारली होती, सर,” मी म्हणाले, आणि माझा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला असावा, कारण बाहेरची कुजबुज थांबली. “कोणाला ऐकू जाणार नाही अशी मारली. त्यांचा तुंबा मी बाजूला ठेवला आणि वीस पावलं चालून झाडापर्यंत गेले नाही. बाई नव्हत्या तेव्हा व्हरांडा माझा होता. ते माझ्या नावावर लिहा.”